हलीरामचा अर्धा सिनेमा

"पाचच मिन्टं, बायदेऊ. आईची आन घेऊन सांगतो, पाच मिन्टांच्या वर येक शबुद बोलनार न्हाई म्या. दिवा लावायचा, तुमच्या गळ्यात येक गामोसा घालायचा, खाली उतरायचं. सपला सत्कार!"

"मागच्या सिनेमाच्या वेळी पण असंच म्हणाला होतात, खुरा."

"मागल्या खेपेला हिरोचीच वाट बगत व्हतो. त्यात माजी काय चूक?"

"तो वेळेवर आला होता. तुमची भाषणं संपेनात म्हणून बिचारा परत गेला."

"गेला का? मला वाटलं आलाच न्हाई. मंग त्याचा गामोसा कुनाच्या गळ्यात गेला?"

"माझ्या," मी म्हटलं. खोटं कशाला बोला? चांगला तांबड्या काठाचा, हातमागावरचा गामोसा होता. अजून अंग पुसतो मी त्यानं.

हे बोलणं चाललं होतं माझ्या सायकलच्या दुकानापुढं, कोऱ्या चहाचे पेले हातात धरून. खुरा, म्हणजे काका, म्हणणारी ती निजरा पेगू, सिनेमा काढणारी पोरगी. काटकुळी, गळ्याला मफलर, बोलायला कमी. आणि तिला बायदेऊ, म्हणजे ताई, म्हणत आईची आन घेणारा तो हलीराम दिहिंगिया, आमच्या नाहरणी गावचा माइकवाला. आई वारून त्याला वीस-पंचवीस वर्षं झालीत, त्यामुळं तिची आन घ्यायला तो कधी घाबरत नाही.

हलीरामकडं एक जुनी व्हॅन. तिच्या टपावर दोन कर्णे बांधलेले, एक पुढं तोंड करून, एक मागं. हरवलेली म्हैस, नामघरातली, म्हणजे गावच्या भजनघरातली सभा, डुकरांची लस, शहरात लागलेला सिनेमा, मेलेला माणूस, सगळं त्या दोन कर्ण्यांतून आणि एकाच सुरात. त्याच्या तोंडून ऐकलं की मेलेला माणूससुद्धा शुक्रवारपासून रोज तीन खेळांत लागणार आहे असं वाटायचं.

त्याचा मूळ रोग प्रस्तावना. "आदरणीय गावकरी मंडळी, पूजनीय वडीलधारे, मायबहिनी, तरुन मित्र आनि गोजिरवानी लेकरं" एवढं झाल्याशिवाय त्याच्या घशातून मुद्दा बाहेर पडत नसे. एकदा एकाच्या भाताच्या गंजीला आग लागली. हलीरामला धाडलं, सगळ्यांना बादल्या घेऊन बोलाव. तो गोजिरवाण्या लेकरांपर्यंत पोचला तोवर गंजीची राख झाली होती. मग तो तशाच सुरात राख झाल्याचं सांगत परत आला.

त्यात आमची सत्कार समिती. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर टंकेश्वर फुकन, चिटणीस हलीराम, सहचिटणीस मी. बाकी सगळं गाव सल्लागार. कुठल्याच समितीत न घेतलेला माणूस आमच्या गावात एकच आहे, आणि तो नोकरीला परगावी असतो. आपल्या भाषेतला सिनेमा शहरातल्या रंगिली टॉकीजला लागला की त्या मंडळींना गाठून त्यांच्या गळ्यात गामोसा घालायचा, डोक्यावर जापी, म्हणजे ताडपानाची ती रुंद टोपी, चढवायची, शराई, म्हणजे उंच बैठकीचं पितळी तबक, हातात द्यायची आणि भाषेच्या भवितव्यावर बोलायचं, हे समितीचं काम. तिकीट काढून सिनेमा बघायचा, हे कुणाचं काम ते समितीनं कधी ठरवलं नाही.

त्या साली तसे बरेच सिनेमे आले. माघ बिहूची शेकोटी विझली न विझली तोच पहिला लागला. त्यात गुवाहाटीहून आलेला गोरापान हिरो गावकऱ्यांना शेती शिकवतो. आम्ही त्याला भात लावताना बघितलं आणि इतकं हसलो की शेजारच्या मिठाईवाल्याला वाटलं विनोदी सिनेमा लागलाय. तो तीन दिवसांत गेला. बोहागात, म्हणजे वैशाखात, बिहूच्या मुहूर्तावर तीन सिनेमे एकाच शुक्रवारी आले. तिघांनी मिळून एकमेकांचा प्रेक्षक खाल्ला, आणि प्रेक्षक तर सगळा बिहूच्या मांडवात नाचत होता, म्हणजे खायलाही काही नव्हतं. पावसाळ्यात नदीच टॉकीजमधी शिरली. पुढच्या चार रांगांत बेडूक बसले. पाणी ओसरल्यावर भुताचा सिनेमा आला. भूत छान होतं, पण त्याच्या पांढऱ्या चादरीला दुकानाची चिठ्ठी तशीच होती. पूजेच्या दिवसांत मोठा हिंदी सिनेमा चारी खेळ घेऊन बसला, आणि मग फिरत्या नाटककंपन्यांचे तंबू पडले. तंबू पडला की सिनेमाकडं कुत्रं फिरकत नाही.

ह्या सगळ्यांचे आम्ही सत्कार केले. सिनेमा तीन दिवस टिकायचा, गामोसा धुऊन धुऊन तीन वर्षं. गामोसे विणायची हलीरामची बायको माखनी. ती मागावर बसल्या बसल्या म्हणायची, "तुमी लोक सत्कार करता का अपशकून? ज्येच्या गळ्यात माजा गामोसा पडला, त्येचा शिनेमा मेला. दुसऱ्या गावाला कळलं तर कुनी लग्नात बी घेनार न्हाई माज्या हातचं कापड."

आणि आता अघोणात, भातकापणीच्या ऐन दिवसांत, निजराचा सिनेमा लागणार होता. दुसरी तारीखच कुणी दिली नाही तिला.

हा सिनेमा आमचा होता. मागच्या हिवाळ्यात तिनं तो आमच्याच गावात, आमच्याच नदीवर काढला. रेवती नावाच्या बाईची होडी चोरीला जाते, आणि ती होडी हुडकत काठाकाठानं हिंडते, एवढीच गोष्ट. त्यात माझ्या दुकानाची भिंत आहे, फुकन सरांची गाय आहे, आणि हलीराम आहे. माइकवाल्याचं काम माइकवाल्यालाच दिलेलं. व्हॅन येते, तो बोलतो: "रेवतीची होडी कुनाला दिसली तर कळवा." एवढं एकच वाक्य.

ते एक वाक्य घ्यायला अख्खी दुपार गेली. कॅमेरा सुरू झाला की हलीराम म्हणायचा, "आदरणीय गावकरी मंडळी," की निजरा थांबवायची.

"खुरा, नुसतं होडीचं बोला."

"आगं पर नमस्कार न करता येकदम होडी? लोक म्हनतील ह्येला वळन न्हाई."

"सिनेमात चालतं."

"चालत आसंल. पर बगनारं लोक तर आपलंच हाय ना?"

शेवटी तिनं त्याला सांगितलं, नमस्कार मनातल्या मनात करा. त्यानं डोळे मिटून, ओठ हलवून अख्खी प्रस्तावना मनात म्हटली आणि मग वाक्य टाकलं. निजरा म्हणाली, झकास. तेव्हापासून वर्षभर हलीराम गावात नटासारखा हिंडत होता. मासळी घेताना कोळिणीला म्हणायचा, "चांगला रहू दे, पडद्यावर तोंड दिसायचं हाय." माखनीनं त्याला एकदाच विचारलं, "किती वेळ दिसनार तुमी?" तो म्हणाला, "दिसनार म्हंजे? मध्यांतरानंतर सगळा शिनेमा माज्याच बोलन्यावर फिरतोय." ती म्हणाली, "मंग म्या बगाय येते. आजपातूर तुमचं बोलनं ऐकून येक कोंबडी बी फिरल्याली न्हाई." उभ्या जन्मात ती टॉकीजला गेली नव्हती. तेवढं ऐकून हलीरामचा ऊर भरून आला. बायकोला पडद्यावर आपण दिसायचंच, हे त्यानं मनाशी धरलं.

गोची होती ती रंगिलीचा मॅनेजर पवित्र कटकी. त्याला आमच्या भाषेचा अभिमान फार, पण तो हिंदी सिनेमाच्या खेळांमधल्या फटीत ठेवायचा. त्यानं निजराला सांगितलं, शुक्रवारी सकाळी नऊचा एक खेळ. बाराला हिंदी सुरू होणार म्हणजे होणार. नऊला टॉकीज भरली तर आठवडाभर ठेवतो, नाहीतर शनिवारी डबा गुंडाळून घरी. निजराचे दोन वर्षांचे कष्ट आणि आमच्या हलीरामची बायकोपुढची इज्जत, दोन्ही त्या एका सकाळच्या खेळावर टांगलेली. म्हणून ते पाच मिनिटांचं वचन.

शुक्रवार उजाडला. हलीरामनं आठवडाभर काठावरची सगळी गावं पिंजून काढली होती, आणि खरं सांगायचं तर त्यालाच यश आलं. विळे टाकून लोक आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आले, केळीच्या पानात पोहे-दही-गूळ बांधून आले. टॉकीज गच्च. कटकी बाबू दारात उभा राहून हात चोळत होता. निजरानं पहिल्यांदा दात दाखवले.

मग पडद्यापुढं दिवा आला.

दिवा फुकन सरांनी लावला. एकानं लावला आणि दुसरा नुसता बघत उभा राहिला असं आमच्यात होत नाही, म्हणून दिव्याच्या प्रत्येक वातीला वेगळा मान्यवर. मग पोरींचं स्वागतगीत. मग वर्षभरात गेलेल्यांसाठी मौन. मौन संपतंय तोवर एक म्हातारी उठून म्हणाली, माझ्या दिराचं नाव घेतलं नाही, तो काय बेवारशी मेला? मग दिरासाठी वेगळं मौन. मग निजराच्या गळ्यात गामोसा. इथं हलीरामनं खाली उतरायचं, असं ठरलं होतं.

तो उतरणारच होता. मी स्वतः बघितलं, त्याचा एक पाय पायरीवर होता. पण हातात माइक, समोर गच्च भरलेली टॉकीज, आणि तिसऱ्या रांगेत त्याला दिसला घाटाचा ठेकेदार. त्याचीच होडी सिनेमासाठी घेतली होती. निजराला गामोसा आणि ठेकेदाराला काही नाही, म्हणजे पुढची तीन वर्षं घाटावर तोंडाकडं बघायचं नाही कुणी. हलीरामनं त्याला बोलावलं. ठेकेदाराला बोलावलं तर होडी रंगवणारा काय पाप करून आला होता? त्याला बोलावलं. फुकन सर म्हणाले, माझी गाय. गायीचा सत्कार सरांनी स्वतःच स्वीकारला आणि तिच्या वतीनं चार शब्द बोलले. ते चार शब्द स्वातंत्र्यलढ्यापासून सुरू झाले.

मधे माझंही नाव पुकारलं. मी आधी नको नको म्हटलं, मग गेलो. माझ्या भिंतीबद्दल बोललो. थोडं लांबलं.

कटकी बाबू घड्याळ दाखवत पुढं आला. हलीरामला वाटलं, ह्याला पण राग आला, राहिला की हा! त्यानं तिथल्या तिथं पुकारलं, "आनि आता ज्येंच्यामुळं आपल्या भाषेला ह्या शहरात छप्पर हाय, आसे आपले पवित्र कटकी बाबू!" टाळ्या पडल्या. कटकीच्या डोक्यावर जापी चढली, गळ्यात गामोसा पडला, हातात माइक आला. घड्याळाचा हात खाली गेला. तो आपल्या वडिलांनी टॉकीजमधी पहिला प्रोजेक्टर कसा आणला ते सांगायला लागला. ते सांगताना त्याचे डोळे भरून आले, ते पुसायला त्यानं तोच गामोसा घेतला.

निजरा कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. मफलर तोंडावर ओढला होता. हसत होती का रडत होती, मी विचारायला गेलो नाही.

शेवटी सिनेमा सुरू झाला. आणि काय सांगू, चांगला होता. आमचीच नदी, पण पडद्यावर बघताना वाटलं हिला आपण कधी नीट बघितलंच नाही. रेवती होडी हुडकत हिंडते. हुडकता हुडकता दिराच्या घाटावर येते. तिथं एक होडी बांधलेली, ताज्या निळ्या रंगाची. ती वाकते, नखानं रंग खरवडते. खाली तिची हिरवी होडी असेल का? अख्खी टॉकीज पुढं वाकली. माखनी तर खुर्चीवरून उठून उभी राहिली.

आणि दिवे लागले. मध्यांतर.

दिवे लागले ते लागलेच. बाहेर हिंदीवाल्यांची रांग गल्लीच्या टोकाला गेली होती, बारा वाजले होते. कटकी बाबू जापी काखेत मारून आत आला आणि म्हणाला, "मंडळी, वेळ संपली."

असा गदारोळ झाला की विचारू नका. "दिरानंच न्हेली का?" "आरं निदान रंग तरी सांगा!" एकजण ओरडला, "पैसं परत द्या." दुसरा ओरडला, "पैसं ऱ्हाऊ दे, होडी दाव!" माखनीनं पदर खोचला आणि नवऱ्यापुढं उभी राहिली.

"तुमी कुठं व्हता?"

"म्या मध्यांतरानंतर हाय."

"मंग मध्यांतरानंतर कुठं हाय?"

हलीरामनं माइक पाठीमागं लपवला. 

कटकीला ओरडायचं होतं, पण ज्या माणसानं भाषणाला स्वतः सगळ्यांपेक्षा जास्त वेळ घेतला तो ओरडणार कसा? तो निजराला बाजूला घेऊन म्हणाला, "उद्या नऊला परत लावतो, पहिल्यापासून. पण सत्कार नाही, दिवा नाही, गाय नाही. आणि उद्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर परवा मला काही बोलू नकोस."

उद्या म्हणजे शनिवार. एक दिवसाची कापणी सोडून आलेली माणसं, दुसरा दिवस कोण सोडतंय? हलीराम व्हॅन घेऊन निघाला, मी शेजारी बसलो. गावोगाव तो सांगत सुटला, उद्या सिनेमा पहिल्यापासून, सत्कार नाही. एका गावात एक बाप्या बांधावरून म्हणाला, "सत्कार न्हाई, तर यायचं कशाला?"

"शिनेमा बगायला, ककाई."

"तसं व्हय! मंग बगू."

"बगू म्हंजी येनार का?"

"बगू म्हंजी बगू."

हलीरामचं तोंड वाळून गेलं होतं. "मान्या," मला म्हणाला, "म्या गरीबाच्या पोरीचा शिनेमा बुडिवला रं. खुरा खुरा म्हनती ती मला. उद्या धा मानसं आली तर म्या तिला तोंड दाखवनार न्हाई. माखनीला तर आजच दाखवलं न्हाई. जेवान चुलीपाशी मांडून ठिवल्यालं, आनि ती पाठ करून बसल्याली."

पण संध्याकाळच्या बाजारात भलताच प्रकार चालला होता. मासळीच्या पाटीपाशी, तामूल-पानाच्या दुकानापाशी, जिथं बघावं तिथं रेवतीची होडी. खाली हिरवा रंग निघणार म्हणणारे एकीकडं, नुसतं लाकूड निघणार म्हणणारे दुसरीकडं. टॉकीजला न गेलेल्यांना गोष्ट सांगत होते, ती सुद्धा दिराच्या घाटापर्यंत, आणि पुढचं विचारलं की खवळत होते. आमच्या गावात दोन घरांत खरोखरीचा होडीचा जुना वाद होता, तो परत वर आला आणि दोन म्हातारे सुपारी कातरायच्या अडकित्त्यांनिशी एकमेकांवर धावून गेले. इतक्या वर्षांत हलीरामच्या कर्ण्यांनी जी जाहिरात जमली नाही, ती अर्ध्या सिनेमानं एका रात्रीत केली. आम्हाला दोघांना मात्र ती जाहिरात आहे हे कळलं नाही. आम्हाला ती भांडणंच वाटली.

शनिवारी नऊला टॉकीजमधी मोजकी माणसं. शाळेचे दोन मास्तर, कॉलेजातली काही पोरं, आणि काल न आलेले चार-दोन गावकरी. कटकी बाबूनं खुर्च्यांकडं बघितलं, मग निजराकडं, आणि "सुरू करा" म्हणून खोलीत जाऊन बसला. निजरा म्हणाली, "असू दे खुरा. नदीनं नेली असती तरी गेलीच असती." हे ती होडीबद्दल बोलली का सिनेमाबद्दल, हलीरामनं विचारलं नाही. तो दारातल्या पायरीवर जाऊन बसला.

मध्यांतराच्या सुमाराला गल्लीत धूळ उठली.

ट्रॅक्टर आले, सायकली आल्या, टेम्पो आला. कालची अख्खी टॉकीज चालून आली. कापणी पहाटेच उरकून, पायाला चिखल तसाच. आणि तिकिटाच्या खिडकीकडं बघितलंसुद्धा नाही, थेट दाराकडं. दारावरचा माणूस म्हणाला, तिकीट? माखनी सगळ्यांच्या पुढं होती. तिनं कनवटीतून कालचं चुरगाळलेलं तिकीट काढलं.

"हे बगा. काल अर्धाच दाखिवला. अर्धं तिकीट बाकी हाय."

"अहो बौ, तिकीट कालच्या खेळाचं—"

"कालचा ख्योळ संपला कुठं? संपला आसंल तर दिरानं होडी चोरली का न्हाई, तुमी सांगा."

दारावरचा माणूस कटकी बाबूच्या खोलीकडं बघायला लागला. मागून सगळे आपापली अर्धी तिकिटं हलवायला लागले. कटकी बाबू धावत आला, डोक्याला हात लावून उभा राहिला. टॉकीज भरणार होती आणि खिडकीत एक तिकीट फाटलं नव्हतं. निजरा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली, "सोडा त्यांना आत, कटकी बाबू. माझ्या सिनेमाचीच माणसं आहेत." कटकीनं दार सोडलं. हलीरामही उठला, आपलं वाक्य यायच्या आत खुर्ची गाठायला.

आणि तेवढ्यात रिक्षातून उतरले फुकन सर. काखेत फुगलेली पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारे तांबडे काठ. बरोबर तीन माणसं, काल राहून गेलेली.

हलीराम पायरीवरच आडवा आला.

"सर, पिशवी भाईर."

"हलीराम, हे तीन सज्जन कालपासून नाराज आहेत. नुसतं गळ्यात घालतो, बोलत नाही."

"सर, काल म्या बी आसंच म्हनलो व्हतो. आत जायचं तर पिशवी माज्याकडं."

"अरे, पिशवीशिवाय आत गेलो तर लोक मला काय समजतील?"

"प्रेक्षक समजतील, सर."

सरांना हा अपमान फार लागला. ते पायरीवर बसले, पिशवी मांडीवर घेऊन. ते तीन सज्जन मात्र आम्हाला न सांगता गुपचूप आत सटकले. आता हलीराम आत गेला तर सर पिशवीनिशी आत जाणार, हे त्यालाही कळत होतं आणि सरांनाही. म्हणून दोघं तिथंच, एकमेकांकडं न बघता. मी चौकटीला टेकून उभा. आत अंधार, दार बंद, आणि आतून अख्ख्या टॉकीजचा "हाऽ!" असा एक श्वास आला. रंग खरवडला गेला होता.

मग थोड्या वेळानं बंद दारातून व्हॅनची घरघर ऐकू आली, आणि मागोमाग: "रेवतीची होडी कुनाला दिसली तर कळवा."

हलीरामनं मान वर केली. "सर, म्या."

सरांनी मांडीवरची पिशवी सावरली. "फार लवकर संपलं," म्हणाले.

"व्हय ना. म्या तिला सांगत व्हतो."

सिनेमा सुटला. लोक बोलत बोलत बाहेर पडले, आणि हिंदीच्या रांगेत उभे असलेले त्यांच्या चिखलाच्या पायांकडं, लाल डोळ्यांकडं बघत राहिले. रांगेतल्या एकानं खिडकीवर विचारलं, हा कुठला सिनेमा, उद्या आहे का? त्याच्या मागच्यानं पण विचारलं. गर्दी कुठं आहे हे बघूनच आमच्याकडं गर्दी ठरते. कटकी बाबू खिडकीपाशी जाऊन कान देऊन उभा राहिला, आणि परत आला तेव्हा निजराला म्हणाला, "आठवडाभर ठेवतो. नऊलाच. पुढची तिकिटं आताच मागताहेत." मग दारावरच्या माणसाकडं वळून म्हणाला, "आणि उद्यापासून मध्यांतरात आलेल्याला आत सोडायचं नाही." निजरानं मफलरनं नाक पुसलं आणि डोकं हलवलं.

माखनी सगळ्यांत शेवटी आली. हलीराम उठून उभा राहिला, शर्ट सारखा केला.

"दिसलो का म्या?"

"दिसलात."

"कसा?"

"व्हॅन दिसली, कर्णं दिसलं, आनि काचंच्या मागं येक हनुवटी हलत व्हती. तुमचीच आसनार. पान खाल्ल्यालं व्हतं."

"आनि बोलनं?"

"बोलनं आयकून ती बाई थांबली, वळली, आनि उलट्या वाटंनं निगाली. तिथनंच तिला होडी गावली, दिराच्या घाटावरची न्हाईच ती." मग पायरी उतरता उतरता म्हणाली, "येकच वाक्य व्हतं. घरी बी तेवढंच बोलत जा."

हलीरामला तो सत्कार वाटला का टोमणा, मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं, कारण तो नुसताच मान डोलवत होता. म्हणाला, "मान्या, उद्या सकाळी म्या बी तिकीट काडून बगतो. समद्यांनी बगितलं, म्याच न्हाई."

तेवढ्यात वीज खात्याचा माणूस स्कूटर थांबवून आला. उद्या सकाळपासून दुपारपर्यंत लाइनीचं काम, शहर सोडून नदीकाठच्या सगळ्या गावांची वीज बंद, आजच्या आज सगळीकडं पुकारायचं आणि उद्या सकाळी पुन्हा एकदा फिरायचं.

"सकाळी कितीला फिरायचं?"

"नऊच्या सुमाराला."

हलीरामनं एकदा टॉकीजच्या दाराकडं बघितलं. मग व्हॅनपाशी गेला, टपावरच्या कर्ण्यात बसलेली धूळ फडक्यानं झटकली, बॅटरीची तार जोडली आणि माइकवर दोनदा फुंकर मारली.

"कुठनं कुठवर बंद हाय, नीट सांगा," तो त्या माणसाला म्हणाला. "घाटापातूर का त्येच्या बी पुढं?"